तुम्ही विचारलंत म्हणून: स्प्रिंगला अर्धा दिवस का?

"गाडीची पुढची नुसती स्प्रिंग तर बदलायची, त्याला अर्धा दिवस कशाला?" गणपतीला येणारा प्रत्येक चाकरमानी विचारतो. वर ऐकवतो, पनवेलला 40 मिनिटांत होतं. होत असेल.

तुम्हाला वाटतं, गाडी जॅकवर घेतली, चाक लटकलं, की स्प्रिंग सैल. मलाही तसंच वाटायचं. पण चाक लटकतं तेव्हाही ती शॉकअपवर दबलेलीच असते. वरचा मधला नट तिला अडवून धरतो.

आपल्या हायवेचा नंबर 66 नव्हता, 17 होता, तेव्हाची गोष्ट. चतुर्थीची आदली संध्याकाळ, धो धो पाऊस, डिकीत मखर, आत पोरं रडतायत. स्प्रिंग दाबून धरायचा हुकांचा कॉम्प्रेसर खुंटीला होता, पण एका हुकाचे आटे गेलेले. म्हटलं, तार बांधू. बाइंडिंगची, तीन पदरी. भाच्याने स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट काढलेला शॉकअप, गुडघ्यांत धरला, मी पाना लावला. तार तुटल्याचा आवाज मला आठवतच नाही. कौल फुटल्याचा आठवतो. छपरातून पाणी पडायला लागलं आणि भाचा तोंड धरून खाली बसला होता. जबडा मोडला. रत्नागिरीला पोचेपर्यंत त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. बोलताच येत नव्हतं, म्हणूनही असेल. गिऱ्हाईक मखर घेऊन एसटीने गेलं.

घाई गिऱ्हाइकाची होती, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. होतीच. पण तार माझी होती.

आता दोन हुक समोरासमोर लावतो आणि हातपान्याने आवळतो, इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे. एअर गन नाही. स्प्रिंग खोबणीत हाताने फिरली, की मगच नटाला हात. खाऱ्या वाऱ्याने खालचा वेढा खाल्लेला असेल तर आणखी वेळ, कारण तो हुकाखालीच तुटायचा. गॅसने तापवून किंवा कापून गाडीची उंची कमी करून देत नाही. पोलादाचं पाणी उतरतं. आणि बदलायच्या तर दोन्ही बाजूंच्या. यात तुम्हाला माझा धंदा दिसतो. दिसू दे.

भाच्याचं आता कुडाळला स्वतःचं गॅरेज आहे. परवा गेलो तर एक पोरगा स्ट्रटवर वाकून बसलेला. मी त्याला मागे सरक म्हटलं. "मामा, कॉम्प्रेसर लावलाय," भाचा म्हणाला. लावला होता. नीट लावला होता. तरी मी पोराला दंडाला धरून उठवलंच.