मिलटाउन मॅलबेची बिनबिदागीची मैफल

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून लिमरिकमार्गे एनिस आणि तिथून बसने अटलांटिकच्या दिशेने, असा आयर्लंडमधल्या मिलटाउन मॅलबे या गावाचा रस्ता आहे. पूर्वी एनिसहून या बाजूला वेस्ट क्लेअर नावाची अरुंद रुळांची गाडी येत असे. ती १९६१ साली बंद झाली. क्लेअर काउंटीत पर्यटकांची झुंबड उडते ती मोहरच्या कड्यांवर. या गावात एरवी थांबण्याचे त्यांना काही कारण नसते. जुलैच्या सुरुवातीला मात्र इथे ‘विली क्लॅन्सी उन्हाळी शाळा’ ही पारंपरिक आयरिश संगीताची शाळा भरते, तेव्हा वर्ग शाळांच्या इमारती ओलांडून सभागृहांत आणि लोकांच्या घरांतही पोहोचतात. मी गेले ते याच दिवसांत.

विली क्लॅन्सी हा याच गावचा. पेशाने सुतार, आणि इलिन पाइप्स या आयरिश वाद्याचा थोर वादक. त्याच्या वडिलांनी आपल्या चाली गॅरेट बॅरी नावाच्या अंध पायपरकडून उचलल्या होत्या आणि त्या घरातच मुलाकडे आल्या. १९७३ च्या जानेवारीत विली गेला आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्या स्नेह्यांनी ही शाळा सुरू केली. सकाळी वर्ग होतात, कागदाऐवजी कानाने शिकवण्यावर भर असतो, आणि दुपारपासून पबांमध्ये सेशन सुरू होतात.

सेशन ही ठरवून मांडलेली मैफल नव्हे. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही, श्रोत्यांकडे तोंड करून कोणी बसत नाही. वादक टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात. मी ज्या कोपऱ्यात जागा धरली तिथे एक फिडल म्हणजे व्हायोलिन, दोन आडव्या लाकडी बासऱ्या, एक कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी, आणि एक गिटार होती. बोलण्यातून कळले की त्यांतल्या एक बाई परिचारिका होत्या आणि बासरीवाले गृहस्थ दुभत्या गुरांचे शेतकरी. दोघांची ओळख त्याच दुपारची. बिदागीचा प्रश्नच नव्हता. पर्यटकांच्या गावांत मात्र सेशन नक्की व्हावे म्हणून पबमालक एखाद-दोन वादकांना पैसे देतात, आणि बाकीचे आपखुशीने येऊन बसतात, हेही इथे सांगितले पाहिजे.

अनोळखी माणसे तालमीशिवाय तासन्‌तास एकत्र कशी वाजवू शकतात, याचे उत्तर मला या संगीताच्या बांधणीत सापडले. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. अशी चाल साधारण तीन वेळा झाली की न थांबता दुसरी सुरू होते. जिग नावाच्या प्रकाराची चाल तीन-तीनच्या गटांत चालते. दादरा ऐकलेल्या कानाला तिची लय धरायला वेळ लागत नाही. रीलमध्ये चाराची धावती लय असते, तर स्लिप जिग नऊची. सगळे एकच चाल एकाच वेळी वाजवतात. कोणी आलाप घेत नाही, कोणाला स्वतंत्र आवर्तन मिळत नाही. रागसंगीतावर वाढलेल्या माझ्या कानाला हे आरंभी तोकडे वाटले. पुढे लक्षात आले की कलाकारी अगदी लहान जागी आहे: एखाद्या लांब स्वराला वरून-खालून स्पर्श देऊन तो गोल करणे, ज्याला इथे ‘रोल’ म्हणतात, किंवा स्वराच्या आधी निमिषभर वरचा स्वर टिपणे, म्हणजे ‘कट’. प्रत्येकाचे रोल वेगळ्या ठिकाणी पडतात, म्हणून एकच चाल चार वाद्यांवर किंचित निरनिराळी वाजते आणि तरीही एकत्र राहते. आपल्याकडे एकादशीच्या भजनाला परगावचा माणूस टाळ घेऊन बसू शकतो, तो चाली सर्वांच्या मालकीच्या असतात म्हणून. इथेही हीच सोय आहे.

संध्याकाळी एक पायपर आले आणि कोपऱ्यातली मंडळी सरकून बसली. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराला पट्ट्याने बांधलेला भाता हवा भरतो, ती डाव्या काखेतल्या पिशवीत साठते आणि तिथून सुषिर नळीत जाते. नळीचे खालचे टोक मांडीवर बांधलेल्या चामड्याच्या तुकड्यावर टेकले की बंद होते. त्यामुळे स्वर तोडता येतात आणि वादकाला बसूनच वाजवावे लागते. जोडीला आधारस्वर देणाऱ्या तीन नळ्या, शिवाय मनगटाच्या कडेने दाबायच्या पट्ट्या, ज्यांतून मधूनमधून स्वरसंघात निघतो. वेताची जिभली हवेतल्या दमटपणाने बिघडते, आणि अटलांटिकच्या काठावर दमटपणाला तोटा नाही. त्या गृहस्थांचा बराच वेळ जिभली काढून निरखण्यात आणि पुन्हा बसवण्यात गेला. इतरांनी तोवर हॉर्नपाइप नावाच्या प्रकारातली एक संथ चाल वाजवून घेतली. या वाद्याच्या परंपरेला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

नियम कुठे लिहिलेले नसतात, पण पाळले जातात. चाल येत नसेल तर वाद्य मांडीवर ठेवून ऐकायचे. बाउरान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा, लहान काठीने वाजवायचा डफ. तो एका वेळी एकच पुरे. गिटारवाला साथीला राहतो, पुढे येत नाही.

पबमधले सेशन प्राचीन असेल अशी माझी समजूत होती, पण हे संगीत पूर्वी घरांच्या स्वयंपाकघरांत आणि चौरस्त्यांवर नाचाच्या साथीला वाजत असे. १९३५ च्या नृत्यगृह कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला आणि घरगुती नाचांवर त्याची गदा आली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला बांधकामावर गेलेल्या आयरिश मजुरांनी तिथल्या पबांत एकत्र वाजवायला सुरुवात केली. आजचे सेशन बरेचसे तिथून घडत आले. चालींचा साठा सांभाळण्यातही स्थलांतरितांचा हात मोठा आहे. शिकागोचे पोलिसप्रमुख फ्रान्सिस ओनील मूळचे आयर्लंडमधल्या कॉर्कचे. त्यांनी १९०३ मध्ये १८५० चालींचा संग्रह छापला. १९५१ साली स्थापन झालेल्या ‘कोल्तस’ या आयरिश संगीताच्या संस्थेच्या शाखा आज अनेक देशांत आहेत आणि त्या मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतात; गावोगावचे वर्ग, स्पर्धा आणि वार्षिक ‘फ्ला’ हे मोठे संगीतसंमेलन यांच्या मागे हीच मंडळी असतात.

कोणाला जायचे असेल तर या आठवड्यातील मुक्कामाची सोय पुष्कळ आधी करावी, नाहीतर लहिंच किंवा एनिसला राहून बसने ये-जा करावी लागते, आणि रंगात आलेले सेशन सोडून शेवटची बस गाठणे कठीण असते. गर्दी नको असेल तर मे महिन्यात एनिसला ‘फ्ला नुआ’ होतो, आणि डूलिनच्या पबांत वर्षभर वाजवणारे भेटतात. चित्रण करण्यापूर्वी वादकांना विचारावे. गाणे म्हणण्याचा आग्रह झाला तर मराठी चालते. एका अभंगानंतर फिडलवाल्या बाईंनी त्याची पहिली ओळ लगेच उचलून पाहिली.