तुम्ही विचारलंत म्हणून: भुरी पाहुणी जाते तेव्हा

शनिवार-रविवारी आम्ही माझ्या बहिणीकडे राहायला जातो तेव्हा आमची कुत्री भुरी बरोबर असते. हे कळल्यावर बहुतेक जण विचारतात, की तुम्हाला बहिणीशी बोलायचे असते, भाचरांना भेटायचे असते, पण त्या मुक्या जिवाला तिथे जाऊन काय मिळते? प्रश्नामागे काळजी असते, म्हणून ‘तिला मजा येते’ एवढे म्हणून तो उडवून लावणे मला पटत नाही. तुम्ही विचारलेत म्हणून थोडे सविस्तर सांगते.

भुरीच्या बाजूने पाहिले तर भेट दाराबाहेरच्या चपलांपासून सुरू होते. आतून सगळे जण तिला नावाने हाका मारत असले तरी ती आधी एकेक जोड हुंगते. नाक तळव्यापाशी नेते, भराभर श्वास ओढते, मग एक फुरकारा टाकते आणि पुढच्या जोडाकडे वळते. आपण दारावरची पाटी वाचतो तशी ती चपला वाचते, आणि घरात कोण आहे, कोणी नवखे आले आहे का, हे बहुधा आमच्याआधी तिला समजते. कुत्र्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी जातीनुसार सुमारे १० कोटींपासून ३० कोटींपर्यंत असतात. माणसाच्या नाकात त्या जेमतेम ५०-६० लाख. शिवाय आत घेतलेली हवा नाकातच दोन वाटांनी जाते, एक फुफ्फुसांकडे आणि दुसरी गंध ओळखणाऱ्या भागाकडे, आणि सोडलेला श्वास नाकपुड्यांच्या कडेच्या फटींतून बाहेर पडतो, त्यामुळे समोरून येणारा नवा वास उधळला जात नाही. ज्या प्राण्याचे नाक असे आहे त्याला उंबऱ्यावरून दोरीने ओढत आत नेणे म्हणजे ओळख पटण्याआधीच परक्या गर्दीत ढकलणे होय. म्हणून आतले सगळे खोळंबले तरी मी तिला तिथे हवा तेवढा वेळ घेऊ देते.

डोळ्यांनी तिला त्या घराचे फारसे काही कळत नसावे. भाच्याने तिच्यासाठी हौसेने लाल चेंडू आणला होता. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग नीट ओळखता येतो, पण लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, म्हणून गवतात थांबलेला तो चेंडू भुरी नाकानेच हुडकत फिरायची. निळा चेंडू आणल्यावर मात्र खेळ रंगला. आवाजाचे वेगळे आहे. माणसाला २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचे, तेव्हा ज्या खोलीत आपल्या कानांवर फक्त गप्पा आणि हसणे पडते तिथे तिच्या कानांवर आणखी कितीतरी गोष्टी आदळत असणार, आणि दुपारपर्यंत ती दमलेली दिसते यात मला नवल वाटत नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे प्रेमाचा. भाची धावत येते आणि तिच्या गळ्यात दोन्ही हात घालते. त्या क्षणी भुरीकडे जवळून पाहिले तर तिचे तोंड दुसरीकडे वळलेले असते, कान मागे गेलेले असतात, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्याची चंद्रकोर दिसते आणि जीभ नाकावरून पटकन फिरून आत जाते. ती गुरगुरत नाही, म्हणून घरातले म्हणतात, बघा किती लाडात आली आहे! माझ्या मते ती त्या वेळी अतिशय सभ्यपणे सुटका मागत असते. शेपूट हलत असली तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही. २००७ साली इटलीतील संशोधकांनी दाखवून दिले, की मालक दिसल्यावर कुत्र्याच्या शेपटीचा झोल त्याच्या उजव्या बाजूला अधिक असतो आणि अनोळखी, वरचढ कुत्रा दिसल्यावर डाव्या बाजूला. घरबसल्या आपल्याला तो फरक मोजता येणार नाही, पण हलणारी शेपूट म्हणजे आनंदच असे नव्हे, एवढे त्यातून नक्की कळते. भाचीला मी समजावून सांगितले, की तू जमिनीवर तिच्याकडे पाठ किंवा बाजू करून बस, हात खाली ठेव आणि ती आली तर गळ्याखाली खाजव. तीन मोजून हात काढून घे, आणि ती परत हाताखाली शिरली तरच पुन्हा खाजव. मुले हे मोठ्या माणसांपेक्षा लवकर शिकतात. आता भुरी आपण होऊन तिच्या मांडीवर हनुवटी टेकते.

हे सगळे तिला झेपते ते मी समोर असते म्हणून. लहान मुलांचे आईशी असलेले नाते तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी जी चाचणी तयार केली होती, तीच १९९८ साली हंगेरीतील संशोधकांनी कुत्र्यांवर करून पाहिली. अनोळखी खोलीत मालक असताना कुत्री अधिक हिंडली, अधिक खेळली. मालक बाहेर गेल्यावर ती दाराशी जाऊन उभी राहू लागली. बहिणीच्या घरी मला हेच दिसते. मी बैठकीत असेन तर भुरी गच्चीपर्यंत एकटी फेरी मारून येते, पलंगाखाली शिरते, भावोजींच्या पिशवीत डोके घालते, आणि मधूनच येऊन मला पाहून परत जाते. मी कुणाला न सांगता खाली दुकानात गेले, की ज्या घरात ती मघाशी मोकळेपणाने फिरत होती त्याच घराच्या दाराशी ती बसून राहते आणि बहिणीने पुढे केलेला खाऊसुद्धा घेत नाही. घर तेच, माणसेही तीच आणि प्रेमळ. तिच्यासाठी मात्र त्या घरातली ओळखीची जागा तेवढ्यापुरती नाहीशी झालेली असते. म्हणून पहिल्या संध्याकाळी मी तिला सोडून कुठेही जात नाही, मग सगळे फिरायला निघाले तरी. तिची चादर आम्ही मुद्दाम न धुता नेतो, म्हणजे रात्री अंग टेकायला आपल्या घराचा वास तरी असतो.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचीही भीड धरत नाही. पाहुणचार करणारा हात टेबलाखालून येतो तेव्हा भुरीला तो नाकारण्याचे काहीच कारण नसते, आणि चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा या गोष्टी कुत्र्यांना विषारी ठरतात. वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणणे जड जाते, पण ते म्हणावेच लागते.

तेव्हा तिला काय मिळते? नव्या वासांनी भरलेले घर, निळा चेंडू, आता तिची भाषा समजू लागलेली एक मुलगी, आणि दोन दिवस आमची सोबत. त्याच्या बदल्यात तिला गोंगाट आणि परक्या जागेतली रात्र सोसावी लागते. हा व्यवहार दरवेळी तिच्या फायद्याचा नसतो. घरात मोठे कार्य असेल, येणारी-जाणारी माणसे मोजता येणार नाहीत इतकी असतील, तर आम्ही तिला नेत नाही. तिच्या ओळखीची एक शेजारीण आमच्या घरी येऊन राहते. एरवी निघण्याआधी बहिणीला फोन करून मी एवढेच विचारते, की दार लोटून घेता येईल अशी एखादी खोली या वेळी रिकामी आहे का, आणि ती हो म्हणाली की भुरीची चादर पिशवीत भरते.