दोन टीबीच्या डबीतले चौसष्ट जीबी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे डिझायनर ऐन उन्हाळ्यात माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा ते निर्धास्त होते. लॅपटॉपमधील एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, बंद पडली होती, बायोसमध्येही (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ती दिसत नव्हती, परंतु "बॅकअप सगळा यात आहे, अण्णा. तुम्ही नवीन एसएसडी बसवा आणि हे त्यात टाका," असे म्हणून त्यांनी धातूची एक चकचकीत डबी पुढे केली. ऑनलाइन मागवलेल्या त्या पोर्टेबल एसएसडीवर २ टीबी (सुमारे दोन हजार जीबी) असे छापलेले होते आणि तिची किंमत एखाद्या बऱ्या पेनड्राइव्हइतकी होती. मला खटकली ती किंमत.

डबी जोडल्यावर विंडोजने क्षमता १.८१ टीबी दाखवली. हे वावगे नव्हते, कारण उत्पादक १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. फोल्डर, फाइलींची नावे, तारखा, आकार, सारे जागच्या जागी होते. जकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) सर्वांत आधी साठवलेली डिझाइने उघडलीही. त्यानंतरची मात्र एकही उघडेना, आणि फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पाहिले तर त्यांत शून्यांखेरीज काही नव्हते.

मालकांना फोन करून परवानगी घेतली आणि डबी उघडली. आत कार्ड रीडरची एक पट्टी आणि तिच्यात ६४ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड होते. अशा बनावट ड्राइव्हचे फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम, संगणकाला खोटी क्षमता सांगते. खरी जागा संपल्यावर आलेला डेटा ते निमूटपणे टाकून देते किंवा जुन्यावर लिहिते, फाइलींची यादी मात्र शाबूत राहते. "पण कॉपी पूर्ण झालेली मी स्वतः पाहिली आहे," असे डिझायनर पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरेच होते. कॉपी करताना विंडोज लिहिलेले परत वाचून ताडून पाहत नाही.

बंद पडलेल्या एसएसडीतून काही निघण्याची आशा थोडी होती, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितले. सुदैवाने मागावर चढवलेल्या डिझाइनांच्या अंतिम फाइली कारखान्यातील पेनड्राइव्हमध्ये सापडल्या. त्यांवरून टॉवेल विणता येत होते. रंग आणि थर वेगळे ठेवलेली मूळ चित्रे मात्र गेली ती गेलीच.

नवीन ड्राइव्ह निवडताना मालकांचा कल वेगामुळे एसएसडीकडे होता. मी फिरत्या चुंबकीय तबकडीवर डेटा साठवणारी अडीच इंची हार्ड डिस्क सुचवली. एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो; वीज न देता ठेवून दिली तर तो भार हळूहळू ओसरतो आणि उष्णतेने ही क्रिया वाढते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, तेही पत्र्याच्या शेडमधील कपाटात, तिच्यावर महिनोन्महिने विसंबणे मला पटत नाही. हार्ड डिस्कला धक्का सोसत नाही, म्हणून ती मोटरसायकलच्या डिकीतून रोज ने-आण करायची नाही, एवढी अट मी घातली. लॅपटॉपची साठवण ५१२ जीबी असल्याने फाइलींच्या जुन्या आवृत्त्या धरूनही १ टीबी पुरेसे होते. त्याहून मोठी घेण्यापेक्षा दोन घ्याव्यात, एक कारखान्यात आणि दुसरी मालकांच्या घरी ठेवावी, यावर बरीच घासाघीस झाली. दुसरीचा खर्च त्यांना उधळपट्टी वाटत होता. शेवटी डिझायनरांनीच, "मालक, एका नवीन डिझाइनचे काम याहून महाग पडते," असे सांगितले आणि प्रश्न मिटला.

अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह दोन्ही डिस्क आणल्या. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासले. मग एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने प्रत्येक डिस्क काठोकाठ भरून परत वाचून घेतली. सेकंदाला सुमारे १०० एमबी या वेगाने प्रत्येकीला साडेपाच-सहा तास लागतात, त्यामुळे मालक रात्रीच डिस्क मागत असतानाही मी त्या दुसऱ्या दिवशी, चाचणीत एकही चूक न निघाल्यावर, त्यांच्या हाती दिल्या.