गणितातली मास्टर्स: इथे डिग्री आपणच जुळवायची

नागपूरहून हल्ली बरेच मेसेज येतात. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली विचारतात, "ताई, अमेरिकेत मॅथ्समध्ये एमएस करायला काय काय लागतं?" बहुतेकांच्या डोक्यात प्रवेश आणि व्हिसा असतो. मला त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल सांगायचंय, कारण खरी धावपळ तिथे होते.

नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसवर एमएस्सीला नाव घातलं की चार सेमिस्टरचे पेपर विद्यापीठाने ठरवलेले असतात. थोडे ऐच्छिक विषय सोडले तर वर्गातल्या सगळ्यांची डिग्री सारखीच. इथे अमेरिकेत विभाग फक्त चौकट आखून देतो. साधारण 30 क्रेडिट्स, म्हणजे तीन-तीन क्रेडिट्सचे दहा कोर्स. त्यातले बहुतेक ग्रॅज्युएट, म्हणजे आपल्या एमएस्सीच्या पातळीचे हवेत, सरासरी बी ग्रेड, म्हणजे 4 पैकी 3.0 जीपीए टिकवायचा, आणि शेवटी प्रबंध किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे मुख्य विषयांवरची एकत्रित परीक्षा. विद्यापीठागणिक नियम थोडे बदलतात. ते दहा कोर्स कोणते, हे आपण सल्लागार प्राध्यापकांबरोबर बसून ठरवायचं, फॉर्मवर लिहायचं आणि त्यावर त्यांची सही घ्यायची.

प्रबंध घेतला तर काही क्रेडिट्स त्यातच जातात आणि प्राध्यापकांच्या समितीसमोर तोंडी बचाव करावा लागतो. पुढे पीएचडी करायची असेल तर मी परीक्षेचा मार्ग सुचवेन, कारण अल्जिब्रा आणि अ‍ॅनालिसिसची तीच तयारी पुढेही उपयोगी पडते.

परीक्षेत काय बघतात, ते एका नेहमीच्या प्रश्नावरून सांगते: ऑर्डर 30 चा, म्हणजे 30 घटकांचा ग्रुप सिंपल नसतो, म्हणजे त्यात आयडेंटिटी आणि पूर्ण ग्रुप सोडून आणखी एखादा नॉर्मल सबग्रुप असतोच, हे सिद्ध करा. असे सबग्रुप किती असू शकतात ते सिलोचं प्रमेय सांगतं. त्यानुसार 5 ऑर्डरचे सबग्रुप 1 किंवा 6, आणि 3 ऑर्डरचे 1 किंवा 10. समजा 6 आणि 10 असे आहेत. मग 5 ऑर्डरचे घटक 24 आणि 3 ऑर्डरचे 20, म्हणजे 44 झाले. ग्रुपमध्ये तर 30च घटक! म्हणून दोन्हींपैकी एक सबग्रुप एकटाच असणार, आणि एकटा म्हणजे नॉर्मल. हे आपल्या मुलांना येतं. पण 24 का, तर 5 मूळ संख्या असल्याने दोन वेगळ्या सबग्रुपमध्ये आयडेंटिटीशिवाय काहीच सामाईक नसतं. आणि एकटा असलेला नॉर्मल का, तर त्याचे सगळे कॉन्ज्युगेट, म्हणजे gHg⁻¹ रूपातले सबग्रुप, तोच असतात. ही दोन वाक्यं लिहायची सवय आपल्याकडे कमी पडते, आणि गुण नेमके तिथेच असतात. नागपुरात असतानाच प्रत्येक सिद्धतेतला "का" कागदावर उतरवायला लागा. त्याला पैसे पडत नाहीत.

तीन वर्षांची बीएस्सी चालेल का? काही विद्यापीठांना चालते, अनेकांना सोळा वर्षांचं शिक्षण हवं असतं. त्यामुळे आधी नागपुरात एमएस्सी करणाऱ्यांना मी वेळ वाया गेला असं कधीच म्हणत नाही. टोपोलॉजी, मेझर थिअरी एकदा डोळ्याखालून गेली असली की इथली पहिली सेमिस्टर सुसह्य होते. मात्र तिथले कोर्स इथे क्रेडिट म्हणून धरतील, ही आशा फार ठेवू नका.

पैशाचंही नीट बघा. शिकवण्याचं सहाय्यकपद मिळालं तर फी माफ होते आणि वर मानधन मिळतं. पण ही पदं आधी पीएचडीवाल्यांना जातात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं.

आणि अर्ज करण्याआधी विभागाचं वर्षाचं वेळापत्रक उघडून बघाच. अल्जिब्रा, अ‍ॅनालिसिसचे कोर्स बहुतेक ठिकाणी जोडीने असतात: पहिला भाग ऑगस्टमध्ये, दुसरा जानेवारीत. जानेवारीत आलात तर दुसऱ्या भागात जाऊन बसावं लागतं किंवा ऑगस्टपर्यंत भलतेच कोर्स घ्यावे लागतात. जानेवारीचा प्रवेश हातात असला तरी शक्य असेल तर तो ऑगस्टवर ढकलून घ्या.