पिशवीत न मावणारा तंबू

भंडारदऱ्याहून परत येऊन आठवडा झाला. काल सगळे फोटो एकत्र केले, तर तंबू उभारतानाचे 23 निघाले आणि आवरतानाचा एकही नाही. आवरताना आमच्यापैकी कोणाचाच हात मोकळा नव्हता, आणि चेहरेही फोटो काढण्यासारखे नव्हते.

तंबू आमचा नव्हे. नवऱ्याच्या मावसभावाने इंग्लंडमध्ये असताना घेतलेला. सहा माणसांचा, दोन खोल्यांचा, मधल्या भागात माझा साडेपाच फुटी नवरा टोपी घालून उभा राहील एवढा उंच. देताना भाऊजी म्हणाले, "बिनधास्त वापरा. फक्त ओला ठेवू नका, आणि पिशवीत घालून परत द्या." दुसरी अट मला तेव्हा विनोद वाटली होती.

पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत दुपारी शेंडीला पोचलो. शेंडी म्हणजे धरणाच्या भिंतीजवळचं गाव. प्रवरेवरच्या या धरणाचं काम 1910 साली सुरू झालं आणि 1926 साली पुरं झालं. दगडी भिंत आजही बघत राहावी अशी आहे. तिथून घाटघरकडे जाणारा रस्ता धरला आणि मुरशेतला, पाण्याच्या काठी एका मामांच्या मोकळ्या खाचरात तंबू ठोकला. डिसेंबर संपत आलेला, भात कापून झालेलं. पाण्यापलीकडे रतनगड आणि त्याच्या शेजारी खुटा नावाचा सुळका. मामींच्या चुलीवरचं पिठलं-भाकरी, चांदणं, थंडी, या सगळ्यावर आधीच पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मला पुढच्या सकाळबद्दल सांगायचंय.

सकाळी साडेसहाला कपाळावर पाण्याचा थेंब पडून जाग आली. पाऊस नव्हता. बाहेर येऊन बघते तर तंबू वरून धुऊन काढल्यासारखा ओला. दहिवर! उघड्या आकाशाखाली कापड रात्रभर आपली उष्णता सोडत राहतं आणि हवेपेक्षाही गार पडतं, मग तलावावरची दमट हवा त्याच्यावर पाणी होऊन बसते. हे झालं बाहेरचं. आतून पाच माणसांचे श्वास तेच करत असतात. म्हणजे बाहेरचं कापड दोन्हीकडून भिजलेलं. नवरा म्हणाला, "गुंडाळू तसाच, घरी वाळवू. चाकणच्या कोंडीत सापडायचं नाहीये मला." मी भाऊजींची पहिली अट आठवून दिली. या कापडाला आतून पाणी अडवणारा पातळ लेप असतो. ओला तंबू महिनोन्‌महिने पिशवीत राहिला तर तो लेप सुटतो, चिकट होतो आणि त्याला असा वास येतो की तंबूत झोपण्यापेक्षा दहिवरात झोपलेलं परवडेल. बुरशीचे काळे ठिपके पडतात ते वेगळेच.

सासूबाईंनी पिशवीतून दोन जुने पंचे काढले. या पिशवीत काय नसतं हा घरातला कायमचा प्रश्न आहे. एक लेकाने घेतला, एक मी. वरून खाली पुसायचं, पिळायचं, परत पुसायचं. टॉवेलपेक्षा पंचा बरा, पटकन पिळला जातो आणि पटकन वाळतो. नऊच्या सुमाराला ऊन नीट तापलं तेव्हा कुठे बाहेरचं कापड हाताला कोरडं लागायला लागलं.

मग नवऱ्याने दांड्या काढायला घेतल्या. आमचा पहिला घोटाळा हा. तंबूच्या कमानीच्या दांड्या तुकड्यातुकड्यांच्या असतात आणि आतून एक रबरी दोरी त्यांना ओवून धरते. कापडाच्या नेफ्यातून दांडी बाहेर काढायची तर ती ढकलायची. ओढली की तुकडे एकमेकांतून सुटतात आणि नेफ्यातल्या नेफ्यात अडकून बसतात. नवऱ्याने ओढली. सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "अरे, परकराची नाडी आहे का ती खेचायला?" पुढची पंधरा मिनिटं आम्ही कापडावरून चाचपत एकेक तुकडा शोधून जोडत बसलो. घडी घालतानाही टोकापासून सुरुवात करायची नसते. मधला सांधा आधी मोडायचा, म्हणजे आतल्या रबरावर दोन्हीकडून सारखाच ताण येतो. हे सगळं पिशवीच्या आत शिवलेल्या चिंधीवर चित्रांनिशी दाखवलेलं होतं, असं आम्हाला पुण्यात आल्यावर कळलं.

मेखा उपटायचं काम लेकीकडे. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला मोजायला कोणतंही निमित्त चालतं. आदल्या दिवशी तिने 28 मोजल्या होत्या. ज्या तिरक्या कोनात मेख ठोकली त्याच कोनात, दुसरी मेख तिच्या डोक्यात अडकवून ओढली की माती आपोआप सोडते. लाथा मारून हलवली तर वाकते. तणाव्याच्या दोऱ्या मी अंगठा आणि करंगळीभोवती आठाच्या आकारात गुंडाळल्या. नुसत्या गोल गुंडाळल्या की पुढच्या वेळी त्यांचा उंदराच्या घरट्यासारखा गुंता होतो. 28 पैकी 27 सापडल्या. आम्ही सगळ्यांनी गुडघ्यांवर रांगत खाचर पालथं घातलं, पण अठ्ठाविसावी मिळाली नाही. खालची ताडपत्री उचलण्याआधी मामांनी काठीने तिची कड उलटवली. खाली एक लांबलचक गोम निघाली. हात घातला असता तर, हा विचार मी अजून पूर्ण केलेला नाही.

आता घडी. दारांच्या चेन नीट लावून आम्ही तंबू जमिनीवर पाडला आणि गुंडाळायला लागलो. तिसऱ्या वळशाला तो तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगला. आतल्या हवेला वाट नव्हती. वर वारा सुटला आणि बाहेरचं कापड शिडासारखं उठून लेकाला दोन पावलं घेऊन गेलं. मामा शेजारच्या खळ्यावर भाताची शेवटची रास उपणत होते. सूप खाली ठेवून आले. म्हणाले, "वारं कुठून हाय ते बघा ना आधी!" उपणणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला घ्यायचं, त्याची चेन खाली वीतभर उघडी ठेवायची, आणि वाऱ्याकडच्या टोकापासून दाराकडे गुंडाळत जायचं. म्हणजे वारा कापडाखाली शिरत नाही आणि आतली हवा निघून जाते.

खरी घडी मात्र सासूबाईंनी घातली. त्यांच्या माहेरी चौकात वाळलेल्या नऊवाऱ्यांची घडी दोघी बहिणी मिळून घालायच्या. तंबूचं कापड काही आयताकृती नसतं, सगळीकडून कोपरे आणि कमानी बाहेर आलेल्या असतात. "आधी ते कोपरे आत घे. शंकरपाळ्यांच्या पोळीच्या कडा कापतो ना, तसं चौकोनी कर." मग त्यांनी रिकामी पिशवी कापडाशेजारी आडवी ठेवली आणि घडीची रुंदी तिच्यापेक्षा चार बोटं कमी धरली. हे इतकं साधं माप आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही तोवर अंदाजाने घडी घालून ती पिशवीपेक्षा फूटभर रुंद करत होतो. मग दांड्यांची पिशवी मधोमध ठेवून तिच्याभोवती कापड गुंडाळायचं. मी गुंडाळत होते, लेक मागून गुडघ्यांनी दाबत होता. पट्टे बांधेपर्यंत त्याने उठायचं नाही, असा आईंचा हुकूम होता.

पिशवीची चेन लागली तेव्हा साडेअकरा वाजले होते. पुण्यात फरासखान्याच्या चौकात अडकले की मी वैतागते, पण तंबू, कनाती, बिछायती सांभाळणारं अख्खं खातं म्हणजे फरासखाना, हे त्या दिवशी गाडीत आठवलं. फरास म्हणून पगारी माणसं ठेवत असत या कामाला. ठेवणारच!

चाकणला अर्थातच अडकलो. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर तंबू परत उघडला, कारण शिवणी अजून ओलसर होत्या. संध्याकाळी परत सगळी घडी. या वेळी बावीस मिनिटं लागली, लेकीने घड्याळ लावलं होतं. भाऊजींना तंबू पिशवीत घालून दिला, एक मेख कमी असल्याचं कबूल केलं.

काल मामांचा फोन आला. "ताई, तुमची येक मेख घावली खाचरात." मी म्हटलं, ठेवा बाजूला, पुढच्या खेपेला नेऊ. ते म्हणाले, "ठेवायची कशाला, करडू बांधलंय तिला."