‘निघालो, निघालो!’

नाशिककर फोनवर ‘निघालो’ म्हणतो तेव्हा तो नक्की कुठे असतो, हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. रविवारी दहाला मिसळीला भेटायचं ठरलेलं असतं. पावणेदहाला ‘निघालो, निघालो’ असा फोन येतो आणि मागे बादलीत नळ सोडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो. मनाने माणूस निघालेला असतो, देह तेवढा अंघोळीला गेलेला असतो. मिसळ थांबते, मित्र थांबतात, मंगलाष्टकांची दोन कडवी वाढवून लग्नसुद्धा थांबवता येतं. या अनुभवाच्या जोरावर मुंबईहून तीन रात्रींच्या क्रूझचं बुकिंग केलं की पहिला घोळ इथेच होतो: बंदरावर किती वाजता पोचायचं, आणि त्यासाठी नाशिकहून खरोखर किती वाजता निघायचं?

तिकीट हातात घेतलं तर त्यावर एक सोडून तीन वेळा सापडतात. समजा, ठळक अक्षरांत लिहिलंय संध्याकाळी ५. ही जहाज सुटण्याची वेळ, आणि प्रवाशाच्या दृष्टीने तीनही वेळांत सगळ्यात निरुपयोगी. दुसरी वेळ वेब चेक-इन करताना आपणच निवडलेली असते, उदाहरणार्थ १ ते १.३०. तिसरी बारीक अक्षरांत असते: चेक-इन बंद होण्याची. ती जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीची असते, काही कंपन्यांची त्याहूनही आधीची. ज्या तासाला घाबरायचं तो हा. नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसचा शेवटचा डबा धावत पकडणाऱ्या पासधारकांना हे पटायला जरा जड जातं, कारण गाडी फलाटावर दिसत असली की ती आपली, असा त्यांचा हिशेब. जहाज धक्क्याला टेकलेलं दिसतं, गॅलरीत माणसं हात हलवताना दिसतात, आणि तरी काउंटर बंद म्हणजे बंद.

यामागे हट्ट नाही, कागद आहेत. कोण चढलं याची यादी बंदराला आणि, परदेशी फेरी असेल तर, इमिग्रेशनला द्यावी लागते. यादीतली नावं आणि जहाजावरची डोकी जुळल्याखेरीज जहाज हलत नाही. शिवाय सगळ्यांची सुरक्षा-कवायत उरकायची असते. पूर्वी ती प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत केली तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून कवायत सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या, अशी सक्तीची झाली. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज झाले की जमायचं कुठे, हे कळल्याशिवाय समोशाच्या रांगेकडे बघायचं नाही.

आणि जहाज कप्तानाच्या मर्जीने सुटत नाही. बंदरातून बाहेर काढायला बंदराचा पायलट, म्हणजे वाट दाखवणारा वाटाड्या, वर यावा लागतो, ढकला-ओढायला टग नावाच्या छोट्या दणकट बोटी लागतात, आणि या सगळ्यांची वेळ आधी बांधलेली असते. एका कुटुंबाची गाडी भिवंडीजवळ वडप्याला अडकली म्हणून ही माळ पुढे सरकवता येत नाही.

वडप्याचं नाव आलंच आहे, तर रस्त्याचा हिशेब उलट्या बाजूने करू. बंदरापासून घराकडे.

नाशिक ते बॅलार्ड पियर, म्हणजे मुंबईत क्रूझ जिथून सुटते तो धक्का, हे अंतर ढोबळमानाने १७० ते १८० किलोमीटर. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाटाची धास्ती बरीचशी संपली. पिंप्री सदोला वर चढायचं, जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जायचं, पाऊण तासात आमणे. इथपर्यंत सगळं इतकं गुळगुळीत होतं की चालक शीळ घालू लागतो. पण आमण्यानंतर गाडी पुन्हा जुन्या महामार्गाला लागते आणि वडपे ते ठाण्याचा माजिवडा या चोवीसेक किलोमीटरमध्ये दिवसाचं भविष्य ठरतं. भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर, रुंदीकरणाची कामं, आणि मधेच एखादा बंद पडलेला ट्रेलर. हे अंतर अर्ध्या तासातही होतं आणि दोन तासांतही. समृद्धीने आपल्याला वेगाने कुठे आणून सोडलं, तर रांगेच्या शेपटाला. माजिवड्यानंतर ईस्टर्न एक्सप्रेस हायवे. मुलुंड नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना टोल नाही, त्यामुळे तिथली रांग गेली. चेंबूरजवळ ईस्टर्न फ्रीवे पकडला की सोळा-सतरा किलोमीटर सिग्नलविना थेट ऑरेंज गेटला पी. डिमेलो रोडवर उतरायचं. उतरलात की डाव्या हाताला बंदराची भिंत. फक्त त्या उताराच्या तोंडाशी मरीन ड्राइव्हला जाणाऱ्या बोगद्याचं काम चालू आहे, तिथे पंधरा-वीस मिनिटं जास्तीची धरावीत.

बेरीज केली तर चांगल्या दिवशी तीन तास, वाईट दिवशी पाच. आता खरी गंमत अशी की या दोन तासांच्या फरकाचं करायचं काय, हेच बहुतेकांना कळत नाही. ‘वेळ आहे भरपूर’ म्हणून ती माया नाशिकमध्येच खर्च होते. शेजाऱ्यांना किल्ली देण्यात पंधरा मिनिटं, सिंहस्थाच्या कामांनी उकरलेल्या रस्त्यांना आणि द्वारकेच्या चौकाला वीस, मग घोटीला ‘मुलांना भूक लागलीय’ म्हणून पाऊण तास. समृद्धी लागायच्या आत सगळी शिल्लक संपलेली असते, आणि माजिवड्याला जेव्हा खरी गरज पडते तेव्हा खिशात एक मिनिट नसतं. शिलकीचा वेळ वाटेतल्या सगळ्यात अवघड जागेच्या पलीकडे नेऊन ठेवायचा असतो. चहा प्यायचाच असेल तर फोर्टात प्या. १ ते १.३० ची वेळ असेल तर साडेसातला चाकं हलली पाहिजेत. चाकं म्हणजे चाकं, ‘निघालो’ नव्हे. साडेदहाला पोचलात तर दोन-अडीच तास हातात, साडेबाराला पोचलात तरी डोक्याला ताप नाही.

रेल्वेवाल्यांचं गणित वेगळं. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटते आणि अकराच्या आत सीएसएमटीला लागते, १८७ किलोमीटर. तिथून बॅलार्ड पियर दीड-एक किलोमीटर, टॅक्सीने पाच-दहा मिनिटं. भिवंडी नाही, फ्रीवे नाही. दोन मोठ्या बॅगा आणि एक म्हातारं माणूस असेल तरी आरक्षण करून हीच गाडी बरी, असं आमचं सरळ मत आहे. अडचण एवढीच की ती जरा लवकर पोचवते. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवता येतात. त्या कुलूपबंद लागतात, नुसती चेन लावून चालत नाही. मग बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींमधून फिरावं. १९२३ पासूनचं ‘ब्रिटानिया’ इथेच आहे, बेरी पुलावसाठी नावाजलेलं. पण हे सुचवताच मराठी मनात एक कळ उठते: जहाजावरचं दुपारचं जेवण पैशांत धरलेलं आहे, मग इथे कशाला? या एका प्रश्नापायी कितीतरी कुटुंबं साडेअकरालाच फाटकावर हजर होतात.

एक जुनी गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. एके काळी याच धक्क्यावर बॅलार्ड पियर मोल नावाचं रेल्वे स्टेशन होतं. विलायतेची डाक घेऊन बोट लागायची आणि पंजाब मेल तिथूनच पेशावरकडे निघायची, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मार्गाने, म्हणजे आपल्या इगतपुरी-नाशिकरोडवरूनच. बोटीच्या दिवशी गाडी बोटीच्या हिशेबाने सोडत. आज नाशिककराला जहाज गाठायला जो खटाटोप करावा लागतो तो पाहता रूळ तेवढे काढायला नको होते.

साडेअकराच्या गर्दीकडे वळू. त्या दिवशी सकाळी तेच जहाज आधीच्या प्रवाशांना घेऊन परत आलेलं असतं. ती मंडळी उतरतात, त्यांच्या टॅक्सी फाटकाशी कोंडतात, आत शेकडो खोल्यांच्या चादरी बदलायच्या असतात. म्हणून दुपारच्या सुमाराला चढायला मिळालं तरी खोली बहुधा दीड-दोनपर्यंत मिळत नाही. तोवर हातातल्या सामानासकट जेवणाच्या हॉलमध्ये बसायचं, म्हणजे साईखेडकरांच्या लग्नात आहेर सांभाळत बसल्यासारखं. गर्दीला दोन उंचवटे असतात. पहिला दार उघडताना, गाडीने-विमानाने बाहेरगावाहून आलेल्यांचा. दुसरा चेक-इन बंद होण्याच्या तासभर आधी. तो मुंबईकरांचा, कारण ‘आपल्याला काय, इथून अर्धा तास’. दोहोंच्या मधला खळगा, साधारण एक ते अडीच, ही शहाण्या माणसाची वेळ. रांग छोटी, खोली जवळजवळ तयार, आणि पुलाव अजून गरम.

आता पोचायचं कुठे, हेही एकदा बोललं पाहिजे. मुंबईत ‘बोटीला जायचंय’ म्हटलं की टॅक्सीवाला तीनपैकी कुठेही नेऊ शकतो. घारापुरीच्या लाँचा गेटवेहून. मांडव्याची रो-रो आणि मोरा-रेवसच्या बोटी भाऊच्या धक्क्याहून. क्रूझ मात्र बॅलार्ड पियरहून, तिथलं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं. भाऊचा धक्काही पी. डिमेलो रोडच्याच अंगाला असल्याने फसगत सहज होते. मासळीचा वास आला की समजावं, चुकलो. बंदराच्या फाटकावर सीआयएसएफचे जवान असतात. त्यांना तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, तेव्हा आधारकार्ड डिकीतल्या बॅगेत ठेवू नये.

आधारकार्डाचीही एक खोच. रांगेत सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावांपायी. बुकिंग भाच्याने केलेलं असतं, त्याने ‘सुनीता’ आयने लिहिलेलं असतं आणि आधारवर डबल ई असते. किंवा लहान मुलाचं आधार घरीच राहिलेलं असतं, कारण ‘एवढ्याशा पोराला कोण विचारतंय’. विचारतात. नावं आठवडाभर आधी जुळवून घ्यावीत. धक्क्यावर उभं राहून भाच्याला फोन लावण्यात अर्धा तास जातो आणि नात्यातही थोडी कडवट चव उरते.

बॅगेला लावायचा टॅग हा वेळ खाणारा दुसरा. घरी छापलेला कागद लांबट घडी घालून हँडलमधून ओवायचा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळायची. नुसता स्टेपल केलेला कागद सरकत्या पट्ट्यावर बॅगा एकमेकींना घासताना हमखास फाटतो, आणि मग ती काळी सुटकेस इतर दोनशे काळ्या सुटकेसींत जाऊन बसते. मोठी बॅग टर्मिनलवरच हमालाकडे जाते आणि खोलीच्या दारात यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, चार्जर आणि मुलांचा एक कपडे-जोड खांद्यावरच्या पिशवीत. मोठ्या बॅगेत इस्त्री, चहाची किटली किंवा एक्स्टेंशन बोर्ड सापडला की ती बाजूला काढून ठेवतात आणि मालकाला बोलावणं येतं. डब्यातलं घरचं खाणंही बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत. सीलबंद पाकीट बहुधा चालतं. रबरबँड लावलेली चिवड्याची अर्धी पिशवी या दोन्हींत बसत नाही, आणि तिच्यावरून वाद घालणारे काका रांगेत नेमके आपल्याच पुढे असतात. चिवडा वाटेत संपवावा. माजिवड्याला वेळ मिळतोच.

परदेशी बंदरातून चढायचं असेल, समजा सिंगापूर, तर तासांची भाषा सोडून रात्रींच्या भाषेत बोलावं. मुंबईहून रात्रीचं विमान, सकाळी तिथे, दुपारी जहाज, हे कागदावर सुरेख बसतं. विमान चार तास उशिरा सुटलं की सगळं कोसळतं. एक रात्र आधी जाऊन तिथे झोपावं. हॉटेलचे पैसे लागतात, पण चुकलेल्या जहाजाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत आणि पुढच्या बंदरात चढू द्यायचं की नाही हे कंपनीच्या हातात असतं. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, ते विमानतळावर उभं राहून भरायला ठेवू नये.

आणि एवढं करूनही वडप्याला अडकलातच, तर नातेवाइकांना फोन करत बसू नये. तिकिटावर कंपनीचा नाहीतर पोर्ट एजंटचा नंबर असतो, तो आधी लावावा. कुठे आहोत, किती जण आहोत, अंदाजे किती वाजता पोचू. उशिरा येणारा माणूस यादीत ‘येतोय’ म्हणून असणं आणि ‘आलाच नाही’ म्हणून असणं यात फरक आहे. फोनवर मात्र खरं ठिकाण सांगावं. तिथे ‘निघालो’ चालत नाही.

पाच वाजता वरच्या डेकच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली धक्क्यावरची दोन माणसं दिसतात. हेल्मेट, हातमोजे. मांडीएवढ्या जाड दोराचा फास ते लोखंडी खुंटावरून उचलतात आणि सोडून देतात. दोर पाण्यात आपटतो, वर यंत्र तो ओढून घेऊ लागतं. बराच वेळ काहीच होत नाही. मग भिंत आणि जहाज यांच्यामध्ये पाण्याची एक हिरवट फट दिसते, हातभर, मग दोन हात, मग उडी मारायचा विचारही हास्यास्पद वाटावा एवढी. शेजारी कुणीतरी गंगापूर रोडवरच्या घरी फोन लावलेला असतो आणि वाऱ्यात ओरडून सांगत असतो, ‘‘अहो आई, निघालो बरं का! खरंच निघालो!’’