तुम्ही विचारलंत म्हणून: पायपेटी आणि डीप पर्पल

घरी आलेला माणूस आधी कपाटातल्या कॅसेटी बघतो, मग भिंतीवरचा अण्णांचा फोटो, आणि मग ठरलेला प्रश्न विचारतो. "तुम्ही सांगलीचे ना? वडील संगीत नाटकांना पायपेटीची साथ करायचे म्हणता. मग तुमच्या घरात हा डीप पर्पल नावाचा इंग्लिश रॉक बँड शिरला कुठून?" विचारण्यात थोडी कीवही असते, चांगल्या घरातला मुलगा वाया गेल्यासारखी. मी बहुतेकदा "कॉलेजात लागलं व्यसन" म्हणून मोकळा होतो. आज तुम्ही अगदी बसकण मारूनच विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

1981 साल. मी पुण्यात वसतिगृहात. शेजारच्या खोलीतल्या मुलाचा मामा बोटीवर नोकरीला होता, त्यानं 'मेड इन जपान'च्या दोन तबकड्या आणल्या होत्या. डीप पर्पलनं ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियोला जे कार्यक्रम केले, त्यांचं हे ध्वनिमुद्रण. सगळं मिळून सव्वा तासाचं. माझ्याकडे कॅसेट एकच, साठ मिनिटांची. दुसरी घ्यायची तर मेसचा खाडा करावा लागला असता. तेव्हा जेवढं मावलं तेवढं उतरवून घेतलं. पहिल्या बाजूला शेवटी इयन पेसचं ड्रमवादन रंगात येतंय न येतंय तोच खट्ट. दुसऱ्या बाजूला 'स्पेस ट्रकिन' हे वीस मिनिटांचं गाणं दहाव्या मिनिटाला खट्ट. पुढचं कितीतरी वर्षं मला माहीतच नव्हतं.

ती कॅसेट घेऊन मी दिवाळीला घरी आलो. अण्णा ओसरीवर पायपेटीचा, म्हणजे पायानं हवा भरायच्या हार्मोनियमचा, भाता उघडून बसले होते. चामडं फाटलं होतं, सरस तापत होता. मी आतल्या खोलीत, आवाज बेतानं ठेवून. 'लेझी' सुरू झालं. त्यात सुरुवातीला बराच वेळ एकटा ऑर्गनच आहे. आधी गुरगुरतो, खाकरतो, मग हळूच चालीवर येतो. दारात सावली पडली. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"परत लाव."

"कुठलं?"

"ते पेटीवालं. पेटीच आहे ना ती? ताप आल्यासारखी का वाजतेय?"

वाजवणारा जॉन लॉर्ड. लेस्टरचा. लहानपणी रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला. 1969 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आपला बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद यांना एकत्र बसवून त्यानं स्वतःची रचना सादर केली होती. त्याचा हॅमंड ऑर्गन विजेवर चालायचा. आत दातेरी चकत्या फिरतात, त्यातून सूर निघतो. शेजारी रिची ब्लॅकमोरची गिटार कान फाडत असायची, तिच्यापुढे टिकाव लागावा म्हणून लॉर्डनं ऑर्गन थेट गिटारच्या मार्शल अॅम्प्लिफायरला जोडला. त्यामुळे ती गुरगुर. त्या दिवशी यातलं मला फारसं ठाऊक नव्हतं. वीज आणि चकत्या एवढंच मित्राकडून ऐकलं होतं, ते सांगितलं.

"भाता नाही?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"हवेशिवाय सूर धरून कसा ठेवेल? काहीतरीच. पायानं मारत असणार."

त्या सुट्टीत ती कॅसेट आम्ही दोघांनी झिजवली. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन'मध्ये ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि इयन गिलन तो जसाच्या तसा गळ्यातून परत करतो. तुकडे अवघड होत जातात, गिलन हटत नाही. "सवाल-जवाब," अण्णा म्हणाले, आणि आईला हाक मारून ऐकवलं. आईनं ऐकलं, आणि गिलनच्या किंकाळीनंतर "कुणीतरी त्याला पाणी द्या" म्हणून आत गेली.

'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात गिटार शिकणारं प्रत्येक पोर वाजवतं, तुम्हीही ऐकली असेलच. अण्णांनी ती पायपेटीवर काढली. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. त्या दुसऱ्या तुकड्यावर ते थांबले. "दोन मध्यम शेजारी-शेजारी! ललतात येतात तसे. पण कोमल गंधार घेतलाय, म्हणजे ललत नव्हे." मग दहा मिनिटं ते फक्त त्या दोन मध्यमांवरच घुटमळत राहिले. मी सहा महिने ते गाणं ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

शब्दांचं तर विचारूच नका. मराठी शाळेत शिकलेला मी. पहिल्याच ओळीत 'मंत्रो' असं काहीतरी ऐकू यायचं, आणि त्यात मंत्राचा संबंध असेल अशी माझी समजूत. ते गाव आहे, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. 4 डिसेंबर 1971 ला तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारं पिस्तूल, उडवली आणि कॅसिनो जळून गेला. डीप पर्पल त्याच इमारतीत आपली तबकडी करायला आले होते. धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. बेस वाजवणारा रॉजर ग्लोवर झोपेतून उठता उठता 'स्मोक ऑन द वॉटर', म्हणजे पाण्यावरचा धूर, हे नाव पुटपुटला म्हणतात. पुढे दुसरी जागा मिळाली तर आवाजावरून शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या हॉटेलात त्यांनी काम उरकलं. गाण्यात हे सगळं क्रमवार आहे, माणसांच्या नावांसकट. पुढे एकदा अर्थ लावून सांगितला तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हणजे पोवाडाच की."

बाकीचे बँडही ऐकले, ऐकतो. पिंक फ्लॉइड मला जरा जास्तच नेटके वाटतात. यावर मित्र रागावतात, रागवोत. लेड झेपलिनच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँटनी 1972 मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली होती. ती अधिकृतपणे बाहेर आली 2015 ला. आणि क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारूख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. आमची शाळेची सहल दोनदा पाचगणीला गेली, टेबललँडवर घोड्यावरून पडलो, पण हे कुणी सांगितलं नाही. 1991 मध्ये तो गेला तेव्हा वाचलं.

एप्रिल 1995 मध्ये डीप पर्पल मुंबईत आले, अंधेरीच्या क्रीडासंकुलात. योगायोग असा, की आपल्या 'चाइल्ड इन टाइम' या गाण्याची सुरुवातीची चाल त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँडकडून उचलली होती, आणि त्या मूळ गाण्याचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. उचलल्याचं ते स्वतःच कबूल करतात. ब्लॅकमोर दीड वर्षापूर्वीच सोडून गेला होता, त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स. माझा तोटा काहीच नव्हता, मी पेटीवाल्यासाठी आलो होतो. अण्णांना चला म्हटलं, तर म्हणाले, "एवढा वेळ उभं कोण राहील?"

दुसऱ्या रात्री सांगलीला पोचलो. गाडीतून उतरून आलेला, घसा बसलेला, कान अजून गुणगुणत होते. अण्णा जागेच होते.

"पाय बघितलेस का त्याचे?"

मी खूप मागे होतो. लॉर्डचं डोकंच तेवढं दिसत होतं, तेही पुढच्याच्या खांद्यावर बसलेलं पोर हललं की. तसं सांगितलं.

"मग गेलास कशाला?" म्हणाले, आणि झोपायला गेले.

अण्णा 2003 ला गेले, जॉन लॉर्ड 2012 च्या जुलैत. अंधेरीच्या त्या कार्यक्रमाची चित्रफीत निघाली आहे, 'बॉम्बे कॉलिंग' याच नावानं. कधीमधी लावतो. कॅमेरा ऑर्गनकडे वळला की अजून मी खालीच बघतो.